चारच्या कॉफीची पाहुणी

अन्नपूर्णा रोड, इंदूर

प्रिय उषा,

पत्र बघून दचकू नकोस. इथे सगळं ठीक आहे, म्हणजे फोनवर सांगते तितपत ठीक. परवा तू नेहमीसारखं ‘दादा जेवला का?’ विचारलंस आणि मी नेहमीसारखं ‘हो’ म्हटलं. फोनवर याहून जास्त बोलता येत नाही गं. ह्यांना बाकी काही कळो न कळो, आपल्याविषयी कुणीतरी बोलतंय एवढं बरोबर कळतं, आणि मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. म्हणून लिहायला घेतलं. ओव्हनमध्ये चॉकलेट मफिन टाकलेत, ते होईपर्यंत मी मोकळीच आहे.

मफिन म्हटल्यावर हसलीस ना? हस. केकच्या दुकानासमोरून जातानाही पदर सावरून जाणारी तुझी वहिनी आता कोको पावडर चाळते. मधुरिमा दिवाळीला आली तेव्हा ओव्हन घेऊन आली. आईचा वेळ जावा म्हणून लेकी काय काय आणतात. अंडं ह्या घरात कधी आलं नाही आणि माझ्या हातून येणारही नाही, म्हणून दही आणि खायचा सोडा. पहिल्या खेपेचे मफिन आमच्या कामवाल्या सखुबाईने उचलून बघितले आणि म्हणाली, ‘भाभीजी, हे तर एकदम पत्थर झालेत.’ चूक माझ्या हाताची होती. आपल्याला सगळं फेटून, मळून, घोटूनच येतं. मधुरिमा फोनवरून ओरडते, आई, फेटू नको, नुसतं कालव, गुठळ्या राहिल्या तरी राहू दे. गुठळ्या राहू दे, हे तुझ्या आईने ऐकलं असतं तर तिने आपल्या दोघींना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं असतं.

आता मात्र छान जमतात. पिठात चमचाभर कॉफी घालते, चॉकलेटला त्याने धार येते. बदामाची पूड घालते, डॉक्टरांनी दिलेली ताकदीची पावडरही त्यात ढकलते. दोनच करायचे असले तर साच्याच्या बाकीच्या वाट्यांत पाणी ओतावं लागतं, नाहीतर रिकाम्या वाट्या तापून शेजारचं मफिन करपतं. दार उघडलं की जो वास येतो ना, तो थेट मल्हारगंजातल्या भट्टीचा. आठवतं, माझी पहिली दिवाळी? तूप, साखर, मैदा घरून घेऊन आपण दोघी नानकटाई भाजून आणायला गेलो होतो आणि आपला पत्रा कुणी बदलू नये म्हणून तू भट्टीवाल्याच्या समोर ठाण मांडून बसली होतीस. शेवटी माझ्या खांद्यावर झोपलीस आणि पत्रा बदलला तो बदललाच. दुसऱ्याच कुणाच्या तरी वेलदोड्याच्या नानकटाया आपण ती दिवाळीभर खाल्ल्या. हे तर म्हणाले होते की आपल्यापेक्षा त्याच बऱ्या आहेत.

हेच सांगायचं होतं, ह्यांच्याविषयी. दादा विसरतात, एवढं मी तुला सांगितलं आहे. काय विसरतात ते नाही सांगितलं. चष्मा विसरतात, महिना विसरतात, ते तर सगळेच विसरतात. पावसाळा सरता सरता ते मला विसरले. म्हणजे मंडळी आहे हे पक्कं लक्षात आहे, तिचं नाव मनोरमा हेही आहे, फक्त ती मी नाही. ती बाजारात गेलेली असते. मी ताट घेऊन समोर उभी राहिले की अगदी अदबीने सांगतात, ‘ठेवा जी तिथे. आमच्या मंडळी येतीलच अभी, त्या आल्या की बसतो.’ लग्न झाल्यापासून हे माझ्याशिवाय कधी जेवले नाहीत, तुला माहीत आहे. दौऱ्यावरून किती उशिरा आले तरी दोन पानं मांडायला लावायचे. ती सवय तेवढी शाबूत राहिली बघ. माझ्यासाठी उपाशी राहतात आणि मी ताट हातात घेऊन उभी. सखुबाई समजावते, चार घास जातात कसेबसे, पुढे तोंड मिटतं. सदरे खांद्यावरून ओघळायला लागले आहेत.

त्यात एकदा गंमत झाली. भजनी मंडळात मफिन नेले होते, दोन उरले ते डब्यात घेऊन परतले, तर मागचं दार लागलेलं. पुढे येऊन बेल वाजवली. अंगावर बरी साडी, हातात डबा. ह्यांनी स्वतः दार उघडलं आणि काय सांगू, सहा महिन्यांत त्यांचा चेहरा तसा फुललेला मी पाहिला नव्हता. ‘या या, बाईजी. धूप किती आहे बाहेर. तकल्लुफ नका करू, बसा.’ आत तोंड करून सखुबाईला हुकूम सोडला, पाहुण्यांसाठी कॉफी, जायफळ घालून. तुझ्या आईचा नियम, चहा घरच्यांना आणि कॉफी आल्यागेल्याला. मी डबा पुढे केला. त्यांनी एक मफिन बशीत घालून माझ्यापुढे ठेवलं आणि एक स्वतः घेतलं. पाहुण्याला एकट्याने कसं खाऊ द्यायचं? यजमानाने सोबत करायलाच हवी. कॉफीत बुडवून बुडवून अख्खं मफिन संपवलं, वर बोट फिरवून चुराही खाल्ला. सखुबाई दारात डोळ्याला पदर लावून उभी होती. मी आपली पाहुण्यासारखी घोट घोट कॉफी पीत राहिले.

त्या दिवसापासून मी माझ्या घरची पाहुणी झाले. सकाळी हे आंघोळीला गेले की मफिन करायचे. जेवणानंतर साडी बदलायची, पावडर लावायची, मागच्या दाराने निघून गल्लीला वळसा घालायचा आणि चारला पुढची बेल वाजवायची. शेजारच्या सुलोचनाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, घरात दोन वेडे झाले. मला स्वतःलाही तसंच वाटायचं. पण मफिनमागून हळूहळू उपमा गेला, थालीपीठ गेलं. पाहुणीने आग्रह केला की हे नाही म्हणत नसत. वजनाचा काटा थांबला. मधुरिमाला वाटतं औषध लागू पडलं. 

आणि उषा, मला ते आवडायला लागलं होतं. तुला नाही सांगायचं तर कुणाला. हे तिथे बसून मला माझ्याच गोष्टी सांगायचे. मंडळींच्या हाताला चव आहे. मंडळी फार बोलतात पण मनाच्या साफ. मंडळींना एकदा ओंकारेश्वरला न्यायचं कबूल केलं होतं, राहूनच गेलं. इतक्या वर्षांत ह्यातलं एक अक्षर माझ्या तोंडावर बोलले नव्हते, ह्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. एकदा मी जायला उठले तर हे म्हणाले, थांबा, सवाष्ण बाई अशीच कशी जाईल. कुंकू लावायला मंडळी घरी नाहीत, पुरुषमाणसाने लावायचं कसं, केवढे गोंधळले. शेवटी आतून माझाच करंडा आणून माझ्यापुढे ठेवला आणि मान दुसरीकडे वळवून म्हणाले, ‘तुम्हीच लावून घ्या जी.’ मी लावलं. मग ह्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हटलं, मिस्टर असतात. कसे आहेत? म्हटलं, बरे आहेत, थोडं जेवायला त्रास देतात. तर मला म्हणतात, ‘एकटे बसवू नका हो त्यांना. सोबत बसा, म्हणजे खातील.’

पहिला दिवस पाहुणा, दुसरा दिवस पै, तिसऱ्या दिवशी अक्कल जाई. मी तर रोज जात होते. मागच्या आठवड्यात डबा उघडायच्या आधीच त्यांनी हात जोडले. ‘बाईजी, राग नका मानू. तुम्ही भल्या घरच्या दिसता. पण तुम्ही रोज येता आणि नेमक्या आमच्या मंडळी घरी नसतात. मोहल्ल्यात लोक बोलतात. त्यांच्या कानावर गेलं तर त्यांना काय वाटेल? त्या घरी असतील तेव्हाच येत जा.’ फाटकापर्यंत पोचवायला आले, मफिन बशीत काढून घेऊन डब्यात मूठभर साखर घालून, कारण रिकामा डबा परत द्यायचा नसतो. आणि मी बाहेर पडल्यावर आतून कडी लावली. मी कितीतरी वेळ रस्त्यावर उभी होते. हसू की रडू कळेना. कुठल्या बाईला नवऱ्याच्या एकनिष्ठेचा असा पुरावा मिळाला असेल, आणि तोही दाराबाहेर काढून.

दुसऱ्या दिवशी बेल वाजवली. सखुबाईला सांगितलं होतं, मंडळी आत आहेत म्हणून सांग. सखुबाई घरातली मालकीण नव्हे, तिच्या भरवशावर हे परक्या बाईला आत घेत नाहीत. तेव्हापासून पुन्हा ते ताट, तेच ‘ठेवा जी तिथे’. डॉक्टर नाकातून नळी घालून भरवायचं बोलायला लागले आहेत. मधुरिमा म्हणते, पप्पांना चांगल्या ठिकाणी ठेवू, तूही सुटशील. तिचंही चुकत नाही, लांबून असंच दिसतं. मी मात्र अजून सकाळी मफिन करते, सवयीने, आणि चारला स्वयंपाकघरात बसून कॉफीबरोबर खाते. भिंतीपलीकडे हे माझी वाट बघत बसलेले असतात. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

तर उषा, तू ये. नागपूरचं घर चार दिवस सुना बघतील. तू इथे असलीस की घरात घरची बाई असेल, मग मी बेल वाजवीन, तू दार उघडशील, कॉफी करशील, आणि ह्यांना माझ्यासोबत खायला हरकत राहणार नाही. ते तुला ओळखतील असं मी सांगत नाही, मंडळींची मोठी बहीण म्हणून सांगू. त्यांची उषी अजून दोन वेण्या घालून शाळेत जाते, तुझे पांढरे केस बघून ते तुलाही अहोजाहो करतील, तेव्हा मन घट्ट करून ये. पण हे सगळं मी ह्यांच्यासाठी म्हणून लिहिलं, आणि ते खरंही असलं तरी पुरतं खरं नाही. हे मला बाईजी म्हणतात, सखुबाई भाभीजी म्हणते आणि अंधार पडायच्या आत आपल्या घरी जाते, मधुरिमा फोन केला की पप्पांचं विचारते. मी कोण आहे हे ठाऊक असलेलं ह्या घरात कुणी उरलं नाही गं. मला वहिनी म्हणणारी तू एकटीच आहेस. ये, आणि ह्या खोलीतून त्या खोलीत हाका मार मला. काही काम नसलं तरी मार.

तुझीच,
वहिनी