शेळवीचा घाट

माणपेठ, ८ जानेवारी २०२४

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आई अर्धंच सांगते, म्हणून पत्र. रागावू नका, पण होळीला तुमच्या शेळवी नदीत आंघोळ करायला येऊ नका.

आमचं सांडपाण्याचं केंद्र सुरू झालंय. गावाचं मैलापाणी टाक्यांत येतं, आम्ही त्यात हवा सोडतो, गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी निर्जंतुक करून नदीत सोडतो. पण बाजारपेठेचा नाला अजून जोडलेला नाही. तो घाटाच्या वरच्या अंगाला थेट नदीत पडतो. घाटावरचा नमुना मी प्रयोगशाळेत तपासला, त्यात मैल्याचे जिवाणू निघाले. दिसायला पाणी एकदम झकास, हीच तर पंचाईत! साहेब म्हणतात, केंद्राच्या उद्घाटनाआधी 'आंघोळीस योग्य' असा दाखला सही करून दे. मला अजून नीट 'नाही' म्हणता आलेलं नाही.

आईचे गुडघे कसे आहेत? तुम्ही स्टेशनबाहेरची भजी सोडली का? रागातही माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
अक्षता


भांडुप, १७ जानेवारी २०२४

चि. अक्षतास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस तुझ्या आईशी धड बोललो नाही. सोळाव्या वर्षी गिरणीत आलो, आता बहात्तरी गाठली. अजून किती थांबू गो? आई म्हणाली, पोर खोटं कशाला लिहील. मी म्हटलं, त्याच पाण्यावर आम्ही वाढलो, मेलो काय?

बोललो आणि जीभ चावली.

माझ्या पाठीवर एक बहीण होती, जयंती. नऊ वर्षांची. त्या साली वरच्या वाडीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ होती. आमची विहीर आटली होती, म्हणून मी घाटावरून कळशी भरून आणली. पाणी काचेसारखं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. कळशी कुठली हे मी कुणालाच सांगितलं नाही. वर्षभरात गाव सोडलं. तुझ्या आईलाही हे आजच सांगितलं. ती उठून शेजारी येऊन बसली.

चेडवा, सही करू नकोस. नोकरी गेली तर घरी ये. तुझ्या वाट्याची जागा अजून आहे.

तुझा,
बाबा


माणपेठ, ५ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सही केली नाही. उद्घाटन पुढे गेलं आणि मला प्रयोगशाळेतून काढून पंपावर बसवलं. घाटावर 'इथे आंघोळ करू नका' असे कागद लावले तेव्हा बायकांनी शिव्या घातल्या. मग कपडे धुणाऱ्या वनमालाबाईंनी विचारलं, खरं काय ते सांग. त्यांना सगळं सांगितलं. तीस बायका घेऊन त्या नगरपालिकेत जाऊन बसल्या. दिवाळीत नाला जोडला गेला. मला परत प्रयोगशाळेत घेतलं. चार आठवडे नमुने स्वच्छ आले, म्हणून काल सही केली.

बाबा, या. वर्षभर पत्रांत तुमचं अक्षर बघतेय. आता तुम्ही दिसायला हवेत.

वाट पाहणारी,
अक्षता


भांडुप, १४ जानेवारी २०२५

चि. अक्षतास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुझी आई सगळ्यांना सांगत सुटलीय की पन्नासहून जास्त वर्षं वाट पाहून म्हातारा दोन मिनिटांत कुडकुडत बाहेर आला. खरं आहे. पण त्या दोन मिनिटांत जयंतीचं नाव मोठ्याने घेतलं. इतकी वर्षं घेतलं नव्हतं. तुझ्या कानावर आलं असेल, तू तोंड फिरवलंस ते मी पाहिलं.

घाटावर मला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. तुला मात्र सगळे हाक मारत होते. पाण्यात उभा राहून मी नदी बघितलीच नाही गो. काठावर बसून तू नमुन्याच्या बाटलीवर तारीख लिहीत होतीस, तेच बघत राहिलो.

आता नदीची ओढ गेली. पण सकाळी चहा दोघांचा ठेवला की हात तिसऱ्या कपाकडे जातो. सुट्टी मिळेल तेव्हा ये. नाहीच मिळाली, तर पत्र लांबलचक लिही.

तुझा,
बाबा