हर्षदची लाकडी बंदूक

१२ जानेवारी, सोमवार
तिकीट आलं! शुक्रवारी जयपूर. जन्मात पहिल्यांदा विमान. नातीला, प्राप्तीला बघून दीड वर्ष झालं, आता सात वर्षांची असेल.
सुनेने, रुचिताने, दुसरं लग्न केलं ते बरंच केलं. अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा होऊन थळात किती दिवस सुकट निवडत बसणार होती? पण ह्यांना कोण सांगणार! "त्या घरात मी पाय ठेवनार न्हाय." संपलं.

१४ जानेवारी
ह्यांनी आज माळ्यावरून बंदूक काढली. आमच्या हर्षदने लेकीसाठी केलेली. होडीच्या उरलेल्या सागवानाची, काळा रंगही होडीचाच. रंग ओला असताना त्याचा अंगठा लागला, तो ठसा अजून आहे. वाळली की देतो म्हणाला होता. त्याच आठवड्यात होडी उलटली.
"पोरीला दे. बापाच्या हातचं तिच्याकडं काय हाय?" एवढंच बोलले आणि अंगणात गेले.

१५ जानेवारी
शेजारची मुलगी बॅग भरायला आली. "केसरकाकू, बंदूक मोठ्या बॅगेत टाका हां. खेळण्यातली असली तरी जवळ ठेवून देत नाहीत." हो म्हटलं.
ती गेल्यावर काढून हातातल्या पिशवीत ठेवली. मोठ्या बॅगा फेकतात म्हणे. मोडली तर?

१६ जानेवारी, जयपूर
बंदूक गेली.
तपासणीत पिशवी अडवली. चार जण जमले. मी ओरडतेय, लाकडाची आहे, लाकडाची! वर्दीतल्या बाईने हातात घेऊन पाहिली. चांगली होती बिचारी. "माताजी, दिखने में असली लगती है. अंदर नहीं जाएगी. सामान में डालनी थी." मोठी बॅग तर केव्हाच गेलेली. बाहेर घ्यायला माझं कुणी नाही. विमानाला वीस मिनिटं.
मी त्या ठशावर अंगठा ठेवला. मग दिली. तिने कात्र्या-लायटरच्या खोक्यात ठेवली.
पोराला दुसऱ्यांदा पोचवून आले.

१७ जानेवारी
रुचिताला सांगितलं. ती न्हाणीघरात जाऊन रडली. तिचा नवरा शिवदास आपल्या थळचाच. पाया पडला. वाईट म्हणायला जागा नाही, त्याचंच वाईट वाटतं.
प्राप्तीला कागदावर बंदूक काढून दाखवली. म्हणाली, "आजी, ही केळ्यासारखी दिसते." मग हळूच, "बाबांचा आवाज कसा होता?"


२१ जानेवारी, थळ
परत आले. हे फाटकातच उभे. "आवडली तिला?"
"उशाशी घेऊन झोपली."
खोटं! चाळीस वर्षांच्या संसारात एवढं मोठं पहिलंच. मान हलवून जाळं शिवायला बसले.

२८ जानेवारी
आज तरी सांगायचं.

२९ जानेवारी
सांगितलं. हे जाळ्यातून वर न बघताच म्हणाले, "मना ठाव हाय. तू तिकडं होतीस तवाच शिवदासचा फोन आलेला. बोलला, आईंना रागवू नका, त्या लई रडल्यात."
जाळ्याची गाठ मारून हेच म्हणाले,
"मना 'बाबा' म्हनून हाक मारली त्यानं. दोनदा."