हाकेला ओ

२ ऑगस्ट
पोहोचलो एकदाचा. जीपने शेवटच्या टप्प्यात असं घुसळलं की समुद्रमंथनात मंदराचलावर काय गुदरली असेल ते कळलं. उतरल्यावर आधी दात मोजले, मग हसलो. बंगली झकास आहे. लाकडी खांबांवर उभी, पुढे लांबलचक व्हरांडा, एक खोली साहेबांची, एक माझी, मागे स्वयंपाकघर आणि टोकाला कुलूप घातलेली एक खोली. चहूकडे हिरवंगार. वर्तमानपत्राने पन्नाशीत नारळ दिला तेव्हा वाटलं होतं, आता उरलेलं आयुष्य शब्दकोडी सोडवण्यात जाणार. त्यापेक्षा हे बरं.

काम असं : कंपनी जंगल तोडते आणि जंगल जसंच्या तसं आहे, असा दरसाल अहवाल काढते. तो नटवून लिहायला माणूस हवा होता. साहेब म्हणाले, तुमचं संस्कृत झालंय ना, मग 'हिरवा' या शब्दाला तोटा पडायचा नाही. तोटा कसला! हरित, शाद्वल, पालाश, मरकतश्याम. पहिलं पान बसल्या बैठकीला लिहून टाकलं.

मावशी (स्वयंपाक त्यांच्याकडे) म्हणाल्या की आधीचा लेखनिक फार खायचा, तुम्ही बरे दिसता. जेवण झाल्यावर मत बदललं असावं.

४ ऑगस्ट
साहेबांनी टेकडी दाखवली. मोठी झाडं काही वादळाने पाडली, उरलेली कंपनीने. उघडी टेकडी विमानातून काढलेल्या फोटोंत दिसते आणि तपासनीस बोंब मारतात. म्हणून साहेबांनी चार वर्षांपूर्वी एक वेल परमुलखातून मागवून सगळीकडे लावली. पानं तळहाताएवढी, वाढीचा वेग आमच्या व्याह्यांच्या मागण्यांसारखा. एका वर्षात टेकडी झाकली. वरून बघाल तर जंगलच. साहेब त्या वेलीकडे लेकीच्या लग्नात बाप बघतो तसे बघत होते.

मी पानं बाजूला सारून आत वाकलो. आत काळोख. गुदमरून वाळलेल्या झाडांचे सांगाडे, त्यांच्यावर दोरखंडासारखे वेढे. गवताचं पातं नाही, कोळ्याचं जाळं नाही, मुंगीसुद्धा नाही. अहवालात यावर काही लिहायचं नाही, असं ठरलं.

इथली एक रीत लिहून ठेवण्यासारखी आहे. या पाल्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही, म्हणून माणसं डोळ्यांनी नाही, कानांनी चालतात. एकाने हाक घालायची, दुसऱ्याने ओ द्यायची आणि ओ येईल त्या रोखाने सरळ चालत जायचं. मजूर अशीच कामं करतात. चुकूनही कोणी चुकत नाही म्हणे.

६ ऑगस्ट
फोनला रेंज फक्त व्हरांड्याच्या कठड्यापाशी. माझ्या डाव्या कानाने राजीनामा दिल्यापासून मी स्पीकर लावूनच बोलतो, त्यामुळे आमचा संसार आसमंताला ऐकू जातो. सौ. लेकीचं बाळंतपण आटोपून चौदा तारखेला इकडे येणार. सामानाचा ट्रक तिला फाट्यावर सोडेल, पुढे जीपच कशीबशी शिरते अशी थोडी पायवाट. मी रीत समजावली : घर दिसलं नाही तर मला हाक मार, मी ओ देईन, माझ्या आवाजाच्या रोखाने सरळ चालत ये. ती म्हणाली, तीस वर्षं तेच तर करतेय, आणि पोहोचले कुठे? नेहमीप्रमाणे दर वाक्यानंतर, अहो, ऐकताय ना? मध्येच तिने विचारलं की मागे हा आवाज कसला. पाला सळसळत होता. मी म्हटलं, काही नाही गं, वारा आहे, ये तू.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की वारा नव्हताच.

८ ऑगस्ट
आज आनंदाची बातमी. सकाळी दाढी करताना (रोज व्हरांड्यात आरसा टांगतो आणि शाळेतली रूपं मोठ्याने घोकतो, वनम् वने वनानि, त्याने हात स्थिर राहतो) पाल्यातून बेडकांचा कल्लोळ ऐकू आला. भिक्षुकांच्या पंगतीसारखा! लगेच अहवालात घातलं : मंडूकगणांचे पुनरागमन.

मावशींना सांगितलं तर त्यांच्या हातातली पळी थांबली. म्हणाल्या, बेडूक कुठले? कातडीला बुरशी लागून सगळे मेले, तीन वर्षं झाली. ओढ्यात पांढरी पोटं तरंगत होती. कुलपाच्या खोलीत एक संशोधक बाई राहायच्या, सगळे त्यांना बेडूकबाई म्हणत. त्या ओढ्याच्या काठावर बसून रडल्या होत्या. मग गेल्या वर्षी बाईंनाही असाच कल्लोळ ऐकू आला. हातातला चहा तसाच ठेवून त्या आनंदाने पाल्यात धावत गेल्या.

पुढे काय, असं मी विचारलं. मावशी म्हणाल्या, चहा मीच ओतून टाकला.

साहेब सांगतात, बाईंनी राजीनामा दिला.

९ ऑगस्ट
पाल्यातून एका बाईने ओ दिली. दुपारी, लख्ख उजेडात. कोणी हाक मारलेली नव्हती.

मावशींनी मला आत ओढलं. एरवी विनोदाला विनोद देणारी बाई, पण आज बजावून सांगत होती. ही वेल झाडं गिळते, पाखरं गिळते, आणि गिळलेल्याचा आवाज ठेवून घेते. जवळपास जे बोलाल तेही उचलते. पण जिवंत गळ्यातलंच. करवत, भांडं, इंजिन यांचे आवाज तिला जमत नाहीत. म्हणून मावशी मजुरांना जेवायला हाक मारत नाहीत, थाळी वाजवतात. थाळी ऐकू आली तर खरी, गळा ऐकू आला तर ओ द्यायची नाही.

साहेबांना विचारलं. म्हणाले, प्रतिध्वनी. मी म्हटलं, साहेब, प्रतिध्वनी हाकेमागून येतो, तीन वर्षांनी येत नाही. ते म्हणाले, अहवाल कुठवर आला?

११ ऑगस्ट
साहेब तपासनिसांना आणायला जीपने गेले. मजूर कालच निघून गेले होते, आता मावशीही बोचकं बांधून मागे बसल्या. मला चला म्हणाल्या. मी म्हटलं, सौ. यायची आहे, आणि एवढा शिकलेला माणूस पाल्याला भिऊन पळाला तर व्याही काय म्हणतील? त्या हसल्या नाहीत. थाळी आणि पळी माझ्या हातात दिली.

पायऱ्या सकाळी दिसत होत्या. आता दिसत नाहीत.

१२ ऑगस्ट
दाढी करत होतो. आज मुद्दाम गप्प होतो.

समोरच्या पाल्यातून माझा आवाज आला. वनम्. वने. वनानि. माझाच खाकरा, माझीच लकब. हनुवटी कापली.

मग तिचा आवाज. अहो, ऐकताय ना?

ती इथे कधी आलेलीच नाही. मीच रोज कठड्यापाशी, स्पीकर लावून—

तिला येऊ नकोस सांगायला फोन उचलला. रेंज नाही. समोरच्या टेकडीवरचा टॉवर हिरवा झाला आहे. वाकला आहे.

१३ ऑगस्ट
फाट्यापर्यंत चालत जाऊन ट्रक अडवायचा असं ठरवून निघालो. पायवाट नाही. होती तिथे पाला. थोडं आत गेलो तर चारी बाजूंनी ओ. बेडूकबाईंची, मजुरांची, माझी. माझी सर्वांत जवळून. घोट्याला काहीतरी लागलं— ओढलं. थाळी बडवत उलटा पळालो. बूट तिथेच राहिला.

उद्या चौदा.

मी तिला काय सांगून ठेवलंय! माझ्या आवाजाच्या रोखाने सरळ चालत ये.

१४ ऑगस्ट, सकाळ
दार उघडत नाही. बाहेरून वेढे पडले आहेत. खोलीत हिरवा उजेड. मरकतश्याम. शब्द बरोबर होता.

स्वयंपाकघरातल्या सुरीने खिडकीशी कापतोय. कापलं की जागा भरते.

दुपार
ट्रकचा हॉर्न. भांड्यासारखाच, नक्कल न होणारा. म्हणजे ट्रक खरा.

म्हणजे ती आली.

साहेबांची जीप परतलीच नाही.

तिची हाक. "अहो!" ही फोनवरची नाही. या हाकेत धाप आहे. पिशवी जड आहे तिची.

मी ओरडलो, मागे फिर! माझ्याच आवाजात सगळीकडून, ये तू, ये तू. त्या सगळ्यांत माझं एक बुडालं. परत ओरडलो. आता 'मागे फिर'सुद्धा दहा ठिकाणांहून येतंय, दहा दिशांना.

थाळी वाजवतोय. जोरात. पण तिला कुठे माहीत— थाळीची रीत मी तिला सांगितलीच नाही.

ती विचारतेय, हा आवाज कसला हो?

आणि बाहेरून, शांतपणे, माझा आवाज : काही नाही गं, वारा आहे, ये तू.

खिडकीत हात जाईल एवढी फट झाली. खांदा जाईल. जाणार. जो हे वाचेल त्याने ओ देऊ नये. कोणालाही. थाळी घेतली आहे, ती ऐकू येते तोवर मी—

पावलं. व्हरांड्याखालीच आहे ती. हसतेय. सापडल्यावर हसते तशी.

म्हणतेय, अगंबाई, दिसलात एकदाचे! इथेच तर उभे होतात. अहो, पण हे काय, किती हिरवे

ती ज्याच्याकडे बघतेय तो मी नाही मी इथे आत आ