गच्चीबद्दल माफी, चुलीबद्दल नाही

१६ एप्रिल, बुधवार

ठक्, धप्प, धप्प. ठक्, धप्प, धप्प.

पहाटे या आवाजाने जाग आली. सायखेड्याचं घर, आई निखाऱ्यावर भाजलेले बोंबील पाट्यावर ठेचतेय, मी उंबऱ्यावर बसून शाळेतली कविता घोकतोय. एक आखूड, दोन लांब. लगागा, लगागा. भुजंगप्रयात मला गुरुजींनी शिकवला असं सगळे समजतात. शिकवला वरवंट्याने. आई गेली, पाटा गेला, गोदेला कितीतरी पाणी आलं नि गेलं, चाल तेवढी राहिली.

डोळे उघडल्यावर कळलं, खाली पाण्याची मोटर होती. असो. दिवस मात्र बोंबलांचा ठरला.

घाटावरच्या बुधवारच्या बाजारात गेलो. बोंबील, थोडा जवळा. विकणारी बाई म्हणाली, "आजोबा, पावसाळ्याची बेगमी का?"

"मग? माळ घालायला आलोय असं वाटलं?"

हसली. "दोन उन्हं द्या अन् डब्यात भरा. लय दिवस टिकत्यात." वर मूठभर जवळा जास्त टाकला.

१८ एप्रिल, शुक्रवार

घोळ झाला. मोठा.

सकाळी बोंबील गच्चीवर टाकले, बायकोच्या, सुमनच्या, जुन्या सुती साडीवर. पलीकडच्या कोपऱ्यात विलासरावांच्या घरच्या कुरडया. विलासराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन, चौथ्या मजल्यावर, अगदी माझ्या डोक्यावर. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया तोंडावर आलीय, कुरडई तळल्याशिवाय सण कसला. मी राखणीला टाकीच्या सावलीत बसलो. वारा होता. एक जुनी कविता मनात चालू झाली, तिसरं कडवं आठवेना, आठवता आठवता डोळा लागला.

मांजर. बोंबील उचलून पळून गेलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण त्याला पंगतीत बसायची हौस. एकेक बोंबील तोंडात धरून नेला आणि कुरडयांच्या चादरीवर ऐसपैस बसून खाल्ला. जाग आली ती रोहिणीच्या, म्हणजे विलासरावांच्या बायकोच्या ओरडण्याने.

"काका! अहो काका! माळकऱ्याच्या घरच्या कुरडया हो ह्या!"

विलासरावांच्या आई, माई. गळ्यात तुळशीची माळ. त्या घरात अंडंसुद्धा जात नाही. रोहिणीने सगळ्या कुरडया गोळा करून कचऱ्यात टाकल्या. बिचारी रडवेली झाली होती. तीन दिवस गहू भिजवायचे, चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा. सुमन करायची, मला माहीत आहे त्यात काय मरण असतं.

चूक माझी. शंभर टक्के.

१९ एप्रिल, शनिवार

विलासराव आले. चहा नको म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर.

"काका, गच्चीचं झालं ते झालं. पण तुमच्या किचनचा वास थेट माईच्या खोलीत येतो. तिला मळमळतं. वय बघा तिचं."

"त्या तसं म्हणाल्या?"

"म्हणायला कशाला पाहिजे? माळ आहे गळ्यात."

मी म्हणालो, "गच्चीबद्दल हात जोडून माफी मागतो. चुलीबद्दल नाही."

"काका, तुमच्याकडे गॅस आहे."

"तेच ते."

विलासराव चपला घालून निघाले.

२० एप्रिल, रविवार

लिफ्टशेजारी नोटीस. ४ मे, सकाळी अकरा, खास सभा. विषय एकच: इमारतीत मांस-मच्छी शिजवण्यास बंदी. तीन वेळा वाचली. पाठ करण्यासारखं काही नव्हतं तिच्यात.

शिजवणारे आणखी दोघे-तिघे आहेत, पण ते खिडक्या लावून, उदबत्त्या लावून. मला ते जमत नाही. बांगडा काय चोरून आणलेला असतो?

रात्री प्रशांतचा पुण्याहून फोन. "बाबा, कशाला भांडता या वयात? इकडे या. इथं फोनवर मासे येतात, साफ करून, तुकडे करून."

"फोनवर कल्ला उघडून बघता येतो का?"

"बाबा…"

"आणि इथला ओटा?"

त्याला ओट्याचं काय कळणार. फ्लॅट घेतला तेव्हा गवंड्याशी भांडून ओटा चार बोटं खाली घ्यायला लावला होता, माझी सु., सुमन, बुटकी म्हणून. आता तिथं मी वाकून स्वयंपाक करतो, कंबर दुखते, दुखू दे. बंदी आली तर मी पुण्याला जाईन, हे प्रशांतने गृहीत धरलंय. विलासरावांनीही. मासे शिजवायचे नसतील तर मी त्या ओट्यापाशी उभा राहून करू तरी काय? सु.चं या घरात उरलंय ते तेवढंच.

२२ एप्रिल, मंगळवार

काल गहू भिजत घातले. रोहिणीच्या कुरडया भरून देणार. पाणी बदललं. आंबूस वास सुटायला लागलाय.

२३ एप्रिल, बुधवार

गव्हाचा वास जिन्याभर. नाकाला झोंबतोय. एकाची तक्रार नाही! हा वास सोवळा दिसतोय.

मग मीही दुपारी बोंबलाची चटणी केली. तव्यावर खरपूस भाजून, लसूण, लाल मिरची. ठेचायला पाटा नाही, सु.चा लोखंडी खलबत्ता आहे. ठक्, धप्प, धप्प. सोबत बाजरीची भाकरी, जाडच झाली, कडा फाटल्या. आईने बघितली असती तर म्हणाली असती, नांगरट केलीस काय रे पिठाची.

वरची खिडकी धाडकन बंद झाली. विलासराव जेवायला घरी येतात, त्यांचाच हात तो. ते स्कूटरवरून गेल्यावर खिडकी पुन्हा हळूच उघडली. वास बाहेर घालवायला असणार.

मला वाईट वाटलं. पण खलबत्ता थांबवला नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

पहाटे उठून चीक शिजवला. घोटता घोटता खांदा गेला. पहिला वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून खाल्ला, मजूर म्हणून तेवढा हक्क आहे. मग सु.चा पितळी सोऱ्या काढला. सुरुवातीच्या कुरडया कोंबडीने उकरल्यासारख्या. नंतरच्या बऱ्या. गच्चीवर जायचं धाडस नाही, बाल्कनीतच वाळत टाकल्या. या वेळी झोपलो नाही.

२८ एप्रिल, सोमवार

वाळलेल्या कुरडया डब्यात भरून चौथ्या मजल्यावर गेलो. रोहिणीने दार उघडलं. डबा बघितला, माझ्याकडे बघितलं, खाली मान घातली.

"काका, राग नका मानू. पण भांडी तुमचीच ना? त्याच पातेल्यात तुम्ही…"

खरंच की. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस राबलो आणि माशाच्या पातेल्यात चीक शिजवला! माळकऱ्याला द्यायला!

आत माई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे तोंड केलं, एक लांब श्वास घेतला आणि डोळे मिटून घेतले. माझ्या सदऱ्याला वास येत असणार. मी सोमवार पाळतो, आज मासा नव्हता, पण सदरा कालचा.

सु. असताना ह्याच माई जिन्यात तिच्याशी तासतासभर हळू आवाजात बोलायच्या. मी विचारलं तर सु. म्हणायची, बायकांचं बायकांत राहू दे. देवाधर्माचं बोलत असतील असं धरून चाललो. सु. गेल्यापासून माई खाली आल्या नाहीत.

डबा परत आणला. रोहिणीचा राग नाही. विलासरावांचा आहे.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी.

कुरडया मीच तळल्या. मस्त फुलल्या. आमरस, पोळी पुलापलीकडच्या खानावळीतून आणली. आईच्या आणि सु.च्या नावाने पान वाढलं. वाढताना हात अडला. दोघींनाही आमरसाचं कौतुक नव्हतं. एकीला ठेचा हवा, एकीला बांगडा. पण आजचा दिवस गोडाचा, म्हणून गोडच वाढलं.

हेच तर कुणाच्या लक्षात येत नाही. मी नियम मोडणारा माणूस नाही. सोमवार पाळतो, गुरुवार पाळतो, चतुर्थी, एकादशी, सगळा श्रावण. सु.ने घालून दिलेलं आहे, ती नाही तरी पाळतो. कारण ते मी मनाने पाळतो. लिफ्टशेजारी चिकटवलेलं पाळायला मी काय तिसरीतला पोरगा आहे?

२ मे, शुक्रवार

ठरलं. रविवारी सभेच्या आधी सु.ची बांगड्याची कढी, कालवणाला ती कढीच म्हणायची. जूनपासून समुद्रात बोटी बंद, मग कुठला ताजा बांगडा. आणि ठराव झाला तर ही शेवटचीच. शेवटची असेल तर खिडक्या उघड्या ठेवून.

सु. मालवणची. लग्नाआधी मला मासा म्हणजे वाळलेला बोंबील एवढंच ठाऊक. इथल्या बाजारात बर्फातून येणारा बांगडा तिने कल्ला उघडून बघायला शिकवला, "ह्या बघ, लाल आसा तर घे, नायतर हात नको लावू." शेवटच्या दिवसांत ती खोलीत पडून असायची, मी ओट्यापाशी, आणि तिथून आवाज यायचा. "खोबरा बारीक वाटलंस? आमसुलां टाकलंस?" आणि सगळ्यात शेवटी, न चुकता, "तिरफळां घातलंस?"

तिरफळं संपलीत. कधीचीच. तिची काचेची बरणी उघडून नुसती हुंगतो, आता तिथेही काही नाही. काळसर, मिरीएवढी फळं, ठेचून टाकली की जिभेला झिणझिण्या. आज पंचवटीतली सगळी किराणा दुकानं पालथी घातली. एकाने मिरी दाखवली, एकाने चक्रीफूल. एक म्हणाला, "त्याच्याशिवाय होत नाही का भाजी?"

होते. पण घास तोंडात गेला की कुणीतरी खोलीतून विचारायचं राहून गेल्यासारखं होतं.

रात्री, बऱ्याच वर्षांनी, दोन ओळी जमल्या:

कढीला न माझ्या कुणाचाहि धाका
जगाला म्हणावे बसा, नाक झाका

मात्रा, गण सगळं चोख. 'धाक'चा 'धाका' केला, गुरुजींनी कान पिळला असता. पिळू देत. रविवारी सभेत हेच म्हणणार, चालीवर.

४ मे, रविवार

सकाळीच मासळी बाजार. कोळणीने बांगडा हातात धरून नाचवला. "डोळे बघा बाबा, आरसा!"

"डोळे सगळ्यांचे चकाकतात. कल्ला दाखव."

दाखवला. लाल. घेतला.

पिशवी जाळीची, मुद्दाम. शेपट्या बाहेर. लिफ्टपाशी विलासराव, हातात सभेचं रजिस्टर.

"काका, आज तरी?"

"आजच."

लिफ्टमध्ये दोघेच. तीन मजले. बांगडे आमच्या मधोमध लोंबकळत. मी उतरल्यावर दाराआडून म्हणाले, "अकराला या मग." आवाजात राग नव्हता, थकवा होता. क्षणभर वाटलं, याला बसवून वाढावं. मग आठवलं, अकराला कशासाठी जायचंय.

आता सव्वादहा. वही ओट्यावर. खोबरं, धणे, लाल मिरची वाटून झाली, मिक्सरमध्येच, सु. क्षमा कर. हळद, आमसुलं पडली. कढी उकळतेय, नारिंगी-लाल. बांगडे आत्ताच सोडले. खिडक्या उघड्या, दोन्ही. पंखा कढीकडून बाहेर. वरची खिडकीही उघडी आहे, वाटलं होतं आज लावून घेतील.

चाखली. आंबट बरोबर, तिखट बरोबर. आणि ती एक जागा मोकळी. तीच.

सभेत मतं पडतील. पाच-सहा माझ्या बाजूने, असं तळमजल्यावरचे म्हणतात, पण तेही हात वर करताना बायकोकडे बघणार. हरलो तर दंड लावतील. लावा. लिफ्ट बंद करतील. करा, जिना आहे. या ओट्यापाशी मी उद्याही वाकणार. प्रशांतला संध्याकाळी सांगून टाकतो, पुणं नको.

बेल.

विलासराव असणार, वेळेआधीच न्यायला आले. पळी हातात घेऊनच दाराशी गेलो. दोन ओळी जिभेवर तयार होत्या.

माई.

एकट्या. एक हात कठड्यावर, दुसऱ्याची मूठ पदराखाली. चौथ्या मजल्यावरून जिना उतरून आलेल्या, धाप लागलेली. गळ्यात माळ. मी दार अडवून उभा. मळमळतंय म्हणून सांगायला स्वतः आल्या असाव्यात. त्यांच्यापुढे कसला मी ठणकावतो. पळी खाली केली.

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या खांद्यावरून आत, ओट्याकडे बघत होत्या. एक लांब श्वास घेतला, त्या सोमवारसारखाच, डोळे मिटून.

"खावचा नाय माका," म्हणाल्या. "बसतंय थोडी. सुमन असताना वरसून वास घेय. तां बरा व्हता." मग डोळे उघडले. या बाईच्या तोंडून मी इतक्या वर्षांत सु.ची ही बोली कधी ऐकली नव्हती. जिन्यातली कुजबुज ही होती तर.

वरून हाक आली, "माई? माई, कुठं गेलीस?" माईंनी मान वर केली नाही.

"तिरफळां घातलंस?"

"नाहीत हो माझ्याकडे," मी म्हणालो.

त्यांनी पदर बाजूला केला आणि मूठ उघडली.