झिऱ्याचा झरा

१० मे, रविवार
आधी काय झालं ते, क्रमाने.
१. ५:२०ला बोथच्या पलीकडच्या पायथ्याच्या गावातून निघालो. आठ जण. पुढे सर. डोंगराच्या धारेवरून फेरी, १४ कि.मी. या वाटेला सहसा कोणी जात नाही.
२. पाणी माणशी दोन लिटर. सरांचा निरोप होता: वर झरा आहे, ओझं नको.
३. ९:१०. नकाशात जिथे ‘झरा’ छापलंय तिथे पोचलो. कोरडी वाळू.
४. ताटल्यांनी उकरलं. हातभर खाली ओल. चाळीस मिनिटांत एक तांब्या, गढूळ.
५. ११ला आमच्यातल्या मंजूला उलटी, मग चक्कर. अंग तापलेलं, घाम नाही.
६. फेरी सोडून सरळ खाली. पायथ्याच्या गावातल्या मीराबाईंनी आपलं ओलं लुगडं तिच्याभोवती गुंडाळलं. जीपने इचोडा, दवाखाना, दोन सलाइन. शुद्धीवर आहे.
७. नकाशा मी काढला. ‘झरा’ मी लिहिलेलं नाही.

फेब्रुवारीत मीराबाईंबरोबर धार चालून एकेक जागा जीपीएस यंत्रावर नोंदवली होती. तिथली माझी नोंद: “झिरा. उन्हाळ्यात आदल्या दिवशी उकरून ठेवावा लागतो. गावात सांगावा धाडणे.” छापील प्रत आज धारेवरच पहिल्यांदा हातात आली. कालच मागायला हवी होती. सांगावा गेलाय असं धरून चालले. माझ्याकडे चार लिटर होतं, इतरांना घ्या म्हटलं नाही. इतकी चूक माझी.

११ मे
सरांना फोन. शाळेत आम्हाला मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर या सहली काढतात. शांतपणे म्हणाले, “अगं, झिरा हा काय शब्द झाला? शुद्ध करून घेतलं. तुझं मराठी आठवीपासून तसंच.”
त्याखालची, उकरून ठेवण्याची ओळ? जागा पुरत नव्हती म्हणून काढली. त्या जागी त्यांचा फोटो आहे.
मंजूबद्दल: नाश्ता केला नसेल.
येत्या रविवारी दुसरी तुकडी, पंधरा जण, तोच नकाशा. छापून झालाय म्हणे.
मी “बरं” म्हणून फोन ठेवला. काय बरं?

१२ मे
अर्धी रजा. लुगडं परत द्यायला गेले. मीराबाई अंगणात तेंदूच्या पानांचे पुडे बांधत होत्या. नकाशा वाचून दाखवला. आधी हसल्या.
“झरा कोनं लिवला? झऱ्याले तोंड लावते मानूस, झिऱ्याले हात लावा लागते. तुह्या सरानं कदी पानी भरलं नसन.”
शनिवारी उकरून ठेवाल का, विचारलं. ठेवते म्हणाल्या. पण रात्रभरात एक गुंड, म्हणजे जेमतेम घागरभर पाणी भरतं, आणि सध्या पानं तोडायला वर जाणारे सगळे त्यावरच आहेत.
“पंधरा जन पेले त मंग आमी काय पानं चाटाव?”
म्हणजे नुसता शब्द दुरुस्त करून भागणार नाही. पाणी खालूनच न्यायला हवं.
परत येताना मंजूकडे. ताक पीत होती. म्हणाली, शुद्धलेखनाने मरता मरता वाचले, नाहीतर समाधीच्या दगडावर तसं कोरून घेतलं असतं. मला हसू आलं नाही.

१३ मे, बुधवार
सरांना काल दोन निरोप. वाचल्याची खूण आहे, उत्तर नाही. सहलीच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र सकाळी त्यांनी रविवारच्या सूचना टाकल्या. टोपी, बिस्किटं, पाणी दोन लिटर. खाली लगेच लिहिलं, मंजूची तब्येत पूर्ण बरी आहे, काळजी नसावी. तिला विचारलं नव्हतं. गटावर आता फक्त सरच लिहू शकतात, इतरांचे नंबरही दिसत नाहीत.
कागदावर लिहायला बसले तर आई मागून वाचत होती. “सराले असं लिवतेत का? चांगलं नाई दिसत.” मंजू जीपमध्ये कशी दिसत होती ते तिला सांगितलं. मग तिनेच कोरा कागद पुढे सरकवला.
तीन खर्डे फाडले. पहिले दोन रागाचे, तिसरा माफीसारखा वाचला जात होता. चौथा दुपारी सरांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा नाही म्हणून घडी करून खिशात ठेवला. नक्कल:

“सर, नकाशात जिथे ‘झरा’ छापले आहे तिथे वाहते पाणी नाही. तो झिरा आहे. नकाशा मागे घ्यावा. रविवारच्या पंधराही जणांना माणशी पाच लिटर पाणी आणायला सांगावे, किंवा फेरी रद्द करावी. हे आपल्याच्याने होणार नसेल तर पंधरा जणांचे फोन नंबर मला द्यावेत, मी सांगते. काय ठरले ते शुक्रवार, १५ मे, संध्याकाळी सहापर्यंत लेखी कळवावे.”