गोमुखाखालच्या चंच्या

॥ श्री ॥
सांगली, ता. ९ जानेवारी १९७४

ती. स्व. सौ. गोदावरीआत्यास,
विनोदिनीचा सा. न. वि. वि.

दिवाळीत वाईला तुझ्याकडे राहून आले, पण मन अजून तिथंच आहे. देवळातल्या गोमुखाखालच्या ओल्या दगडावर मी काय बघत बसते असं तू विचारलंस, तेव्हा हसण्यावारी नेलं. आता सांगते, कारण काम तुझ्याशीच आहे.

कंदिलाभोवती येणारं तिळाएवढं केसाळ पाखरू आठवतं? ते आणि दगडावरची अळी एकाच जातीची, असा माझा कयास आहे. अळी लहानपणी उघडीच हिंडते, शेवाळाचा रस पिते. शेवटच्या वयात मात्र अंगातल्या रेशमाची चपटी चंची विणते, ती दगडाला चिकटवते, तोंड बंद करते आणि आत कोष होऊन बसते. पण पाखरू याच अळीचं कशावरून? पुरावा मिळतो फक्त पिकलेल्या कोषात. आत तयार पाखरू आणि शेजारी त्यानं टाकलेली अळीपणाची कात. बाटलीतून आणलेल्या अळ्या एसटीतच मरतात. पुराव्यावाचून प्रबंध पाठवायचा नाही, असं सर म्हणतात, आणि माझी शिष्यवृत्ती मार्चअखेर संपते. मग अण्णा मला कुठल्यातरी शाळेत चिकटवतील, आणि ही चंची अर्धीच राहील.

तू देवळात रोज जातेसच. दगडावर नजर ठेव. चंच्या चिकटल्या की कळव, मी येते. तुझा लोभ आहेच, तो किड्यांवरही थोडा सांड.

तुझी,
विनू

—

॥ श्री शंकर प्रसन्न ॥
वाई, ता. २५ जानेवारी

चि. विनोदिनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. देवाच्या तीर्थात किडे, हे वाचून दोन दिवस तीर्थ घशाखाली उतरेना. मग तुझ्या काकांचं पंचांग वाचायचं भिंग पदराखाली घालून गेले. खरंच गं, हिंडतात! आपल्याकडे पोर जन्मायच्या आधी झबली-टोपडी शिवतात. यांचं सगळं उलटं. लहानपण उघड्यावर आणि म्हातारपणी शिवणकाम.

देवळाची झाडलोट करणारी तानुबाई माझ्यामागं येऊन उभी राहिली. मी सांगितलं तर म्हणते की, आवं काकी, मंग ही घाण न्हाई, ह्ये तर बाळंतपण हाय! तिची सूनही दिवसांत आहे, तिला सगळीकडे तेच दिसतं.

महाशिवरात्रीआधी आम्ही बायका तो दगड नारळाच्या शेंडीनं आणि राखेनं घासतो. यंदा पाळी माझीच आहे, तेव्हा घासणार नाही. बायका म्हणतीलच की गोदाक्का आळसावली. म्हणू देत. देवळामागच्या भिंतीतून झऱ्याचं पाणी पाझरून वाया जायचं, तिथं फुटक्या पाटीचा तुकडा लावून ते जास्वंदीकडे वळवलंय. डोळ्यांदेखत वाया गेलेलं मला बघवत नाही.

तुझ्या कामासाठी महादेवाला बोलले आहे. तो ऐकतो. जेवणाची आबाळ करू नकोस, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
गोदाआत्या

—

॥ श्री शंकर प्रसन्न ॥
वाई, ता. २३ फेब्रुवारी

चि. विनूस आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडलं, तेव्हा आता सरळ लिहिते. शिवरात्रीपर्यंत दगडाला मी हात लावू दिला नाही. चंच्या दिसू लागल्या होत्या, तुला बोलवायचं पत्रही लिहायला घेतलं होतं. आणि शिवरात्रीला, तुझं काम व्हावं म्हणून, पिंडीवर माझ्या हातानं सव्वा शेर दुधाचा अभिषेक केला. झरा पिंडीवरूनच गोमुखात येतो, हे मला रोज दिसतं. त्या दिवशी मात्र दिसलं नाही. दूध दगडावर साकळलं, दुसऱ्या दिवशी आंबलं. भिंगातून पाहिलं. एकही अळी हलत नव्हती.

तानुबाईनं दगड धुतला. ती टोमणा मारती तर बरं वाटलं असतं.

देवाला दोष द्यावा तर हात माझा, आणि हाताला द्यावा तर त्यात भक्तीच होती. मला कळत नाही. तू रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी,
आत्या

—

सांगली, ता. १९ मार्च

ती. स्व. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

मी वाईला आले ती रागवायला नव्हे, रडायला आले होते, हे तू ओळखलंसच. ओका दगड पाहून देवळामागं डोळे धुवायला गेले नसते तर तुझ्या पाटीचा तुकडा दिसलाच नसता. ते पाणी पिंडीला न शिवता येतं, म्हणून तिथं दूध पोचलं नाही. पाटी उलटली तर खाली चंच्याच चंच्या! पाटीसकट ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या, त्या एसटीत तगल्या.

काल एक उघडली. आत पंख मिटलेलं पाखरू, शेजारी चुरगळलेली कात. अगदी कंदिलाभोवतीचं तेच. सरांनी दोनदा पाहिलं आणि म्हणाले की, आता प्रबंध पाठवा. अण्णांनी शाळेचा विषय काढलेला नाही. वाया जाऊ न देण्याची तुझी खोड मला फळली.

तुझी,
विनू

—

॥ श्री शंकर प्रसन्न ॥
वाई, ता. २६ मार्च

चि. विनूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं, देवापुढं ठेवलं. ती शेजारची कात डोळ्यांपुढून हलेना. म्हणून ट्रंकेतलं माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट काढून तुझ्या काकांना दाखवलं. माहेरचं नाव वाचून म्हणाले की ही कोण? म्हटलं, मीच. पुरावा मागाल तर इथंच उभी आहे.

काम झालं तर पुन्हा सव्वा शेर दूध देईन, असा नवस होता. नवस चुकवता येत नाही आणि दगडावर नवं शेवाळ नुकतंच धरलंय. गुरुजींना विचारलं असतं तर त्यांनी पोथी काढली असती. तानुबाईची सून परवा बाळंत झाली, मुलगी आहे. दूध तिच्याकडे नेऊन दिलं. महादेवाला सांगितलं की तुझं तुला पोचलं, आणि पिंडीवर त्याच्याच झऱ्याचा एक तांब्या ओतला.

दिवाळीला ये. तोवर तू माझ्यावर लोभ ठेव, मी दगडावर नजर ठेवते.

तुझी,
गोदाआत्या