सुनंच्या ब्रेकाला करडईचं तेल

उदगीर, शुक्रवार

मित्र ग्यानोबा, मुक्काम हदगाव, यास सिद्रामप्पा गिरणीवाल्याचा शरणार्थ. इकडं सगळे धडधाकट. तुझा गुडघा कसा हाय ते लिही, पण थोडक्यात लिही. मागच्या पत्रात दोन पानं नुसता गुडघाच होता. केवळाबाई वहिनीला नमस्कार सांग.

परवा रविवारी आमची सून मंजुषा तिच्या मोठ्या मोटारसायकलीवर तुझ्या गावावरून माहूरला अन् तिथून किनवटला जाणार. सोमवारी सकाळी तिथल्या आश्रमशाळेत बाई म्हणून हजर व्हायचंय. न्हाई झाली तर जागा दुसऱ्याला. (मल्लेश म्हणला बसनं जा. ती म्हणली, दोन साल ह्याच गाडीवर मुलुख फिरले, नोकरीला बी हिच्यावरच जाईन. मल्लेशनं पेट्या बांधायला दोर आणून दिला. पोरगा माझाच हाय, त्याला पंक्चर बी काढता येत न्हाई, काय बोलू.)

आता तुला म्हणून सांगतो. गाडीचा पुढचा ब्रेक दाबला की किर्र वाजायचा. मी चाळीस साल गिरणी चालवलेला माणूस. वाजलं की तेल, हा आपला कायदा. मंगळवारी ती आंघोळीला गेली तवा मी कुपी घेतली अन् चाकाजवळच्या त्या लोखंडी थाळीला (ती डिस्क म्हणती) दोन्हीकडून सोडलं तेल. गिरणीचं काळं बी न्हाई, खायचं करडईचं, घाण्यावरचं. पोरीची गाडी हाय, हलकं कामून घालायचं? आवाज एकदम बंद. ब्रेक बी बंद, ते मागून कळलं.

पोरीची एक सवय लई भारी. रस्त्याला लागायच्या आधी गल्लीत हळू चालवून ब्रेक दाबून बघती. मी ह्याला रोज नखरा म्हणायचो. त्या दिवशी त्याच नखऱ्यानं वाचली. गाडी शेजारच्या मलप्पाच्या पायरीपर्यंत सरकत गेली, तिनं पाय टेकून थांबवली, उतरून बोट फिरवलं अन् म्हणली, पुढच्या शॉकअपचं सील फुटलं वाटतं, तेल गळालंय, सगळं खोलावं लागंल, आठवडा जाईल. आठवडा! म्हंजी सोमवार गेला. मी म्हणलो, ते तेल माझं हाय.

चिडली न्हाई रे ती. नुसतं बघितलं अन् इचारलं, “मामा, कोणतं तेल?”

“करडईचं. भेसळ न्हाई.”

थाळी धुता येती, पण थाळीला दोन्हीकडून धरणाऱ्या पॅडात तेल मुरलं की निघत न्हाई म्हणली. मी म्हणलो तव्यावर भाजू. तिनं तवा दिला न्हाई.

मग बुधवारी लातूर. जुना पॅड पिशवीत घेतला, आकार जुळवायला. दुकानातल्या वीरेशनं तीन जोड्या मांडल्या. एक म्हणला ऑर्गॅनिक. मी म्हणलो, हेच घे, बिगर फवारणीचं चांगलं. दोघं बी खालमानेनं हसले. ते सेंद्रिय शेतीतलं नसतंय म्हणं. तो पॅड मऊ असतो, आवाज कमी, थाळी कमी खातो, पण सामान लादून घाटात लई दाबला की तापून हात टेकतो. दुसरा सिंटर्ड, धातूची भुकटी दाबून भाजलेला. तापला, भिजला तरी धरतो. थाळी जास्त झिजवतो अन् वाजतो बी. तिनं गाडीचं पुस्तक काढून आपल्या थाळीला चालतो का ते बघितलं, मागं दोन पेट्या अन् माहूरचा घाट मनात धरला अन् सिंटर्ड घेतला. तिसरी जोडी स्वस्त, बिननावाची. मी त्याच्यासाठी अडून बसलो. ती म्हणली, “मामा, ह्याच्यावर नावच न्हाई. घाटात कोणाला हाक मारायची?” मी ती जोडी परत ठिवली. घरात मला गप करणारं आजवर कोणी नव्हतं.

काल अंगणात तिनंच बसवले. थाळी दोनदा धुतली. मी पुसायला फडकं दिलं, तिनं वास घेऊन परत केलं (गिरणीतलं होतं). पॅड धरणाऱ्या चिमट्याच्या आतले गोल दट्टे हळूहळू मागं सारले, वर डबीतलं ब्रेकचं पाणी उतू जाऊ नये म्हणून झाकण काढून डोळा ठिवून. बोल्ट आवळायला पाना असा की कट्ट वाजला की बस. मी म्हणलो अजून आवळ. न्हाई म्हणली, पुस्तकात जेवढं हाय तेवढंच. मग जागेवरच ब्रेक दाबत राहिली, कडक लागेस्तोवर; पहिले चार-पाच तर हवेतच गेले. मी असतो तर गाडी सुरू करून भिंतीतून पलीकडच्या घरच्या सिद्धम्माच्या चुलीत गेलो असतो.

मग देगलूर रस्त्यावर तीस बार पळव, हळू कर, पळव, हळू कर. नवा पॅड थाळीला असाच बसवायचा असतो म्हणं. मलप्पा वरडला, “सिद्रामप्पा, सुनंला गाडी शिकवून राहिले का?” मी म्हणलो, हाव, ती शिकवती, मी शिकतो. शेवटी तिनं करकचून दाबला. गाडी खुंट्याला बांधल्यावाणी उभी. ग्यानोबा, माझ्या गिरणीत असा एक माणूस असता तर मी दोन गिरण्या काढल्या असत्या.

रविवारी दुपारी जेवायला येती. तिखट बेतानं.

तुझा,
सिद्रामप्पा

ता. क. जेवण दोघांचं कर. ती म्हणली, “मामा, ब्रेकावर भरवसा असंल तर मागं बसून चला.” चुकी माझी, न्हाई कसं म्हणू? हाव म्हणलो.

ता. क. दुसरा. खरं काम हे हाय. मला घाटाचं लई भ्या वाटतं. हदगावात तू मला अडव. गुडघा दुखतोय म्हण, रड, काई बी कर, पण सिद्रामप्पाला आठ दिवस सोडत न्हाई असं तिच्यासमोर म्हण. तिला कळू देऊ नको.

ता. क. तिसरा. ह्या कागदाचा फोटो काढून तुला धाडायला मंजुषाच लागती, हे ध्यानात आलं न्हाई. तिनं उभ्यानं सगळं वाचलं. हेल्मेट आणून माझ्या डोक्यावर बसवलं, पट्टा लावला अन् इचारलं, “माहूरपर्यंत का किनवटपर्यंत?” किनवट म्हणलो. तू अडवू नको.